उन्हाळ्यात बाग बघायला या, पण संध्याकाळी सातनंतर

बाग बघायला लोक येतात ते डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा शेवंती असते, पिटुनिया असतात, पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन नुकतंच बघितलेलं असतं त्यामुळे सगळ्यांनाच बागेचा उमाळा आलेला असतो. मी आता सगळ्यांना सांगतो की एप्रिल-मेमध्ये या आणि सातनंतर या. लोक हसतात, म्हणतात उन्हाळ्यात काय बघायचं, सगळं करपलेलं असणार. तर यावेळी चैत्र ते मृग गच्चीवरची बाग कशी सांभाळली आणि रोज तिच्यात बसून मजा कशी घेतली ते लिहितोय, कारण मे महिन्यात कुंड्या देवाच्या भरवशावर टाकून देणारे ओळखीत भरपूर आहेत.

आमचं घर कोथरूडला, सगळ्यात वरचा मजला, समोरची छोटी गच्ची पश्चिमेला. म्हणजे दुपारी एक वाजल्यापासून ऊन थेट अंगावर, फरशीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. त्यात पुण्यात मेपेक्षा एप्रिल जास्त तापतो हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, मेमध्ये निदान दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो, ढग यायला लागतात, एप्रिलच्या शेवटी मात्र नुसती भट्टी. त्यामुळे जी काय तयारी करायची ती पाडव्याच्या आत.

मुळात सुरुवात जानेवारीच्या शेवटीच होते, मोगऱ्यापासून. तेव्हा त्याचं पाणी तोडायचं, आठ-दहा दिवस अगदी जेमतेम द्यायचं, पानं पिवळी पडून गळायला लागतात, बघवत नाही पण पडू द्यायची. मग छाटणी. छाटणी म्हणजे शेंडे खुडणं नाही, चांगली निम्म्यावर आणायची, कारण मोगऱ्याला फूल येतं ते नव्या फुटीवर, जुन्या काडीवर नाही. वरची माती खुरपून मोकळी करायची, शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड, आणि मग भरपूर पाणी. युरिया वगैरे अजिबात नाही, नत्र जास्त झालं की झाड नुसतं पानांनी माजतं आणि कळी येत नाही. आमच्याकडे हजारी मोगरा आहे, बटमोगरा आहे आणि एक मदनबाण, तिन्ही छाटल्यावर आई म्हणाली, "अरे काय भादरलंस हे, मुंज आहे का त्यांची?" पंधरा दिवसांनी फूट दिसल्यावर मात्र खालच्या काकूंना बोलावून दाखवत होती.

मग ग्रीन नेट, म्हणजे ऊन अडवायची हिरवी जाळी. दुकानात पन्नास टक्के आणि पंचाहत्तर टक्के सावली देणाऱ्या अशा दोन्ही मिळतात आणि दुकानदार हमखास जाड वाली गळ्यात मारतात. फुलझाडांना पन्नास टक्केच घ्या, पंचाहत्तरखाली झाडं उंच लुकडी होतात आणि फुलायचं विसरतात. आणि सगळी बाग नेटखाली घालायची नाही, हे महत्त्वाचं. मोगरा, कण्हेर, बोगनवेल, अडेनियम ही मंडळी उन्हातच खुश असतात, मोगऱ्याला तर पाच-सहा तास ऊन नसेल तर कळ्याच धरत नाहीत. नेटखाली गेले फर्न, मनी प्लांट, अळूचा टब, पुदिना, तुळशीची छोटी रोपं. नेट डोक्याच्या दोन हात वर बांधली, अगदी झाडांना टेकवून बांधली तर वारा खेळत नाही. कुंड्याही सगळ्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या, मोठ्या पश्चिमेच्या कठड्याला आणि लहान त्यांच्या सावलीत, म्हणजे ऊन मोठ्यांनी खायचं. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या सगळ्यात जास्त तापतात, आत मुळं अक्षरशः उकडतात, त्यांना बाहेरून गोणपाट गुंडाळलं.

आच्छादनासाठी उसाचं चिपाड. कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याकडे मागितलं तर त्याने दोन पोती आनंदाने दिलं, त्याला तरी ते टाकायला जागा कुठे असते. फक्त ताजं चिपाड कुंडीत टाकलं की मुंग्यांची जत्रा भरते, म्हणून आधी दोन-तीन पाण्यातून धुवून, चार दिवस कडक उन्हात वाळवून मगच पसरायचं, चांगला दोन-तीन इंच थर. हे एक काम केलं की निम्मा उन्हाळा जिंकला असं माझं मत आहे. बोट घालून बघा, भर दुपारी वर चिपाड कोरडं ठाक आणि खाली माती ओली लागते.

आता पाणी. यावर घरात सगळ्यात जास्त चर्चा झाली कारण एप्रिलच्या मध्यापासून सोसायटीत टँकर सुरू, आणि टँकरचं पाणी झाडांना घालतोय म्हटल्यावर जिन्यात भेटणारा प्रत्येक माणूस काहीतरी बोलतोच. मग ठरवलं की पिण्याचं पाणी बागेला नाही. तांदूळ-डाळ-भाजी धुतलेलं पाणी एका बादलीत, ते रोजचं निघतंच. एसीचं पाणी चांगलं असतं, त्यात क्षार नसतात, पण आपल्या कोरड्या हवेत ते फार निघत नाही, मुंबईच्या बहिणीकडे रात्रीत बादली भरते आणि आमच्याकडे तांब्याभर. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र रोज कुंडीत घालू नका, सगळे क्षार त्यातच असतात, कुंडीच्या कडेला पांढरी पापुद्री धरते ती तीच, ते फरशी धुवायला ठेवलं.

वेळ म्हणजे सकाळी आठच्या आत मुख्य पाणी, आणि संध्याकाळी फक्त ज्यांनी माना टाकल्यात त्यांना. पाइपात साठलेलं पाणी दुपारनंतर चटका बसेल इतकं गरम असतं, ते आधी बादलीत सोडून द्यायचं. दुपारी दोनला झाड मलूल दिसलं म्हणून धावत जाऊन पाणी घालायची गरज नाही, बरीच झाडं उन्हापुरती मान टाकतात आणि सहाला आपोआप उभी राहतात. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, जास्त असलेल्या कुंड्यांचा वेगळाच ताप, एकदा का ते पूर्ण वाळलं की पाणी धरतच नाही, वरून ओतलेलं कडेकडेने सरळ खाली निघून जातं आणि आपल्याला वाटतं पोट भरलं. अशी कुंडी उचलून टबात अर्धा तास बुडवून ठेवायची, बुडबुडे यायचे थांबले की काढायची.

आणि तुळशीवर गळती. वैशाखात महादेवाच्या पिंडीवर जशी गळती लावतात तशीच आई दरवर्षी तुळशीवर लावते, तळाला बारीक भोक पाडलेलं मडकं, भोकात दर्भाची काडी किंवा सुताची वात, थेंब थेंब दिवसभर. ठिबक सिंचनावर लोक हजारो रुपये घालवतात आणि आमच्या घरी ते परंपरेने चालूच आहे! ते बघून अळूच्या आणि जास्वंदाच्या मोठ्या टबात मी बिनझिलईची छोटी मडकी गळ्यापर्यंत पुरली, भरून वर झाकण ठेवलं की पाणी भिंतीतून झिरपत राहतं आणि मुळं स्वतःच तिथे जाऊन बिलगतात. लग्नासाठी आम्ही सगळे साताऱ्याला गेलो तेव्हा याच मडक्यांवर आणि खालच्या काकूंच्या एका फेरीवर बाग टिकली.

भाज्यांचं थोडक्यात सांगतो कारण उन्हाळ्यात गच्चीवर भाजीचा फार हट्ट धरू नये असं मला वाटतं. टोमॅटोची फुलं एवढ्या उष्णतेत गळून पडतात, पालक लगेच तुऱ्यावर जातो, मिरचीवर बोकड्या येऊन पानं चुरमडतात. भेंडी, गवार, चवळी, लाल माठ हे मात्र मजेत येतात. अक्षय्य तृतीयेला आईच्या आग्रहाने दोडका आणि दुधी लावला, त्यांचं जे काय व्हायचं ते पावसाळ्यात.

कीड म्हणाल तर दोनच, पण चिवट. जास्वंदावर पिठ्या ढेकूण, म्हणजे तो पांढरा कापसासारखा मिलीबग. मुंग्यांची रांग झाडावर चढताना दिसली की समजायचं वर पिठ्या आहे, त्याचा गोड चिकटा खायला मुंग्या येतात आणि त्याला राखतात सुद्धा. सुरुवातीलाच जुन्या टूथब्रशने घासून काढायचा, पाण्याचा जोरदार फवारा, मग लिटरभर पाण्यात पाच मिली कडुलिंबाचं तेल आणि थोडा भांड्याचा लिक्विड साबण, आठवड्यातून एकदा, आणि उन्हं उतरल्यावरच, नाहीतर पानं भाजतात. दुसरा लाल कोळी, कोरड्या हवेत गुलाबाची पानं मागून जाळी धरून फिकट पडतात, त्याला पानांची खालची बाजू रोज पाण्याने धुणं एवढंच पुरलं. लिंबाच्या झाडावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी मात्र मी मारत नाही, ती फुलपाखराची असते. चार पानं खाल्ली तर खाऊ दे.

मधुमालतीत बुलबुलाने घरटं केलं होतं. लालबुड्या बुलबुल, तो माणसाला फारसा भीत नाही, पण तेवढ्या काळात त्या कोपऱ्यात फवारणी बंद, पाणी हळूच मगाने, आणि मधुमालतीची छाटणी पुढे ढकलली. बायको रोज ऑफिसला जाताना गच्चीच्या दारातून डोकावून रिपोर्ट द्यायची. पिल्लं उडून गेल्यावर दोन दिवस घरात सुनंसुनं होतं, खरंच.

आता या सगळ्या खटाटोपाचं फळ. ही सगळी संध्याकाळची बाग आहे. दुपारी तुम्ही आलात तर हिरवी जाळी, वाळकं चिपाड आणि गोणपाट दिसेल, फोटो काढण्यासारखं काहीही नाही. साडेचारला मोगऱ्याच्या टपोऱ्या पांढऱ्या कळ्या खुडायच्या, ज्या आज फुलणार त्या बरोब्बर ओळखू येतात, पोट भरलेलं असतं आणि हिरवी झाक गेलेली असते. त्या ओल्या फडक्यात ठेवायच्या. आईने मला यावर्षी गजरा करायला शिकवला, दोऱ्याचा वेढा, दोन कळ्या इकडे, दोन तिकडे, गाठ. माझा गजरा अजूनही मध्येच ढिला पडतो पण बायकोने तो ऑफिसला घालून नेला म्हणजे पास झालो. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला सगळी फुलं घरचीच होती, कैरीची डाळ आणि पन्ह्यापेक्षा बायकांनी मोगऱ्याचीच चौकशी जास्त केली.

सहाला फरशीवर दोन बादल्या पाणी मारायचं, भाजी धुतलेलंच, फरशीतून वाफ निघते आणि अर्ध्या तासात बसण्याजोगं होतं. चटई, माठ, माठात वाळ्याची जुडी आणि वर चार मोगऱ्याची फुलं. साडेसात-आठला कळ्या उमलायला लागतात, वारा पश्चिमेचा असला की आधी सोनचाफा येतो मग मोगरा, आणि नऊनंतर रातराणी सगळ्यांवर कुरघोडी करते (मला ती थोडी जास्तच वाटते, कठड्याच्या टोकाला ठेवलीय). उन्हाळ्यात फुलणारी ही बहुतेक फुलं पांढरी किंवा फिकट, रात्री पतंगांना दिसावीत आणि वासाने सापडावीत अशी. म्हणजे झाडांनी टायमिंग आधीच ठरवलंय, आपण उगाच दुपारी जाऊन हळहळत बसतो. मुलगा बारावीचं टेन्शन संपवून मोकळा झालेला, तोसुद्धा मोबाइल घेऊन का होईना पण तिथेच येऊन लोळायचा.

पहिला बहर ओसरला की फुललेल्या फांद्यांचे शेंडे दोन पेरं कापायचे आणि थोडं खत, तीन-चार आठवड्यांत दुसरा बहर येतो. हे न केल्यामुळे लोकांचा मोगरा एकदाच फुलतो आणि मग ते नर्सरीवाल्याला नावं ठेवतात.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात वळीव आला. दुपारी चारला अंधारून आलं, वारा सुटला आणि नेटचा एक कोपरा सुटून शेजारच्या गच्चीवर फडफडायला लागला, मी आणि मुलगा पळत जाऊन ती गुंडाळेपर्यंत चिंब. वळीव यायची लक्षणं दिसली की नेट आधीच सैल करून बाजूला घ्यावी, गारा पडल्या तर त्यात साठून बांबूच मोडतो. त्या पावसानंतर आठवड्याभरात रेन लिली गुलाबी होऊन उभ्या राहिल्या, आणि हिवाळ्यापासून नुसता कांदा म्हणून मातीत पडून असलेली मे फ्लॉवर, तिचा तो लाल गोळा. नळाचं कितीही पाणी घातलं तरी आमच्या रेन लिली अशा एकदम उठत नाहीत, पावसाचंच लागतं त्यांना.

मृगाच्या आधी नेट धुवून, वाळवून माळ्यावर टाकली. कुजलेलं चिपाड तसंच मातीत मिसळलं, त्याचं खत होतं. पावसाची झड लागली की मोगऱ्याच्या पेन्सिलीएवढ्या काड्या लावणार आहे, चार जणांनी आत्ताच सांगून ठेवलंय, पण पहिली कुंडी खालच्या काकूंची.