शिक्क्यावर जहाजाचं नावच नाही, मग कसं ओळखता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो, कारण 'द सलिव्हन्स' या जहाजावरून खलाशांनी पाठवलेल्या पत्रांच्या पाकिटांचा माझा अल्बम उघडला की कोणी ना कोणी हे विचारतंच: टपालाच्या शिक्क्यात नुसतं 'यू. एस. नेव्ही' आहे, मग पाकीट 'द सलिव्हन्स'चंच कशावरून?

रास्त प्रश्न आहे. 'द सलिव्हन्स' ही अमेरिकन नौदलाची विनाशिका. आयोवातले पाच सख्खे सलिव्हन भाऊ एकाच युद्धनौकेवर होते, 'जुनो' या क्रूझरवर, नोव्हेंबर १९४२ मध्ये ग्वादलकॅनालजवळ ती बुडाली आणि पाचही गेले, म्हणून त्यांच्या नावाने ही विनाशिका, एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या आईच्याच हस्ते पाण्यात सोडलेली. म्हणजे ऐन युद्धातली. आणि पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर नौदलाने शिक्क्यांतून जहाजांची नावं काढूनच टाकली होती, टपालावरून शत्रूला ठावठिकाणा लागायला नको म्हणून.

मग बघायचं कुठे, तर डावीकडे वर. तिथे खलाशी स्वतःचं नाव, हुद्दा, जहाजाचं नाव आणि खाली 'फ्लीट पोस्ट ऑफिस, सॅन फ्रान्सिस्को' लिहायचा, जहाज पॅसिफिकमध्ये कुठेही असो, पत्ता हाच. तिकिटाच्या जागी हाताने खरडलेलं 'फ्री', कारण एप्रिल १९४२ पासून सैनिकांना साधं टपाल फुकट होतं, विमानाने पाठवायचं तर मात्र सहा सेंट मोजायचे. आणि सेन्सॉरचा शिक्का, त्यात पेनने केलेल्या इनिशियल्स. मला खरी मजा इथे येते. सेन्सॉर करणारा अधिकारी त्याच जहाजावरचा, त्यामुळे दोन वेगवेगळ्या खलाशांच्या पाकिटांवर तेच वळण, तीच शेपूट ओढलेली दिसली की एकाचा डावा कोपरा फाटलेला असला तरी अंदाज बांधता येतो. अंदाजच हं, पुरावा नाही, विकणारे मात्र छातीठोकपणे सांगतात.

१९५१ मध्ये कोरियाच्या युद्धासाठी ही विनाशिका परत बाहेर काढली, तेव्हाची पाकिटं सोपी. शिक्क्यात नाव ठळक, दिसायलाही देखणी. मला त्यात तेवढा रस नाही.

राग येतो तो कात्रीचा. पूर्वी बरेच जण शिक्का आणि तिकीट तेवढं कापून ठेवायचे, बाकीचं पाकीट केरात. शिक्क्यात नाव असेल तर ठीक, चालून जातं. पण युद्धातल्या पाकिटाचा उजवा कोपरा कापला की उरतं काय, 'यू. एस. नेव्ही' आणि तारीख, म्हणजे कुठल्याही जहाजाचं. असा तुकडा कोणी 'द सलिव्हन्स'चा म्हणून पुढे केला तर मी भावसुद्धा विचारत नाही.