चिया, अळीव आणि बाबांची कवळी

रविवार, १८ मे २०२५

चियाचे पुडिंग आज एकदाचे जमले. गुरुवारी रात्री पातेल्यात दूध घेऊन त्यात चिया टाकला, एकदा चमचा फिरवला आणि पातेले फ्रिजमध्ये ठेवून निर्धास्त झोपलो. शुक्रवारी सकाळी पाहतो, तर वर पातळ दूध आणि तळाशी लिंबाएवढा चिकट गोळा. तो चमच्याने फोडला, तेव्हा आतून चक्क कोरडे, करडे दाणे निघाले. धाकटी दहा महिन्यांची आहे आणि एकाच पातेल्यातले घरातल्या सगळ्यांनी खावे, असा माझा बेत होता. त्यामुळे ते दाणे पाहून मी चरकलोच, कारण हे बी आपल्या वजनाच्या सुमारे दहापट पाणी शोषते आणि ते पातेल्यात मिळाले नाही, तर घशात शोधते. पुडिंग तिच्यापर्यंत पोहोचले नाही, एवढे बरे.

आईने तो गोळा पाहिला आणि इतकेच विचारले, "अळीव कधी असे भिजवतात का रे?" बाळंतिणीसाठी लाडू करताना ती अळीव नारळाच्या पाण्यात घालते आणि दाणा न् दाणा सुटा फुगेपर्यंत मधूनमधून हलवत राहते, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे, पण विकत आणलेल्या पाकिटातला जिन्नस म्हटला, की घरातली अक्कल आपण घरातच ठेवतो. तिला आधी हा सब्जाच वाटला होता. तसे ते फारसे चूक नाही, कारण चिया मूळचा मेक्सिको आणि ग्वाटेमालाकडचा असला, तरी सब्जाप्रमाणेच तोही तुळशीच्या कुळातला आहे. फरक इतकाच, की सब्जा काही मिनिटांत फुलतो आणि फालुद्यात मण्यांसारखा सुटा राहतो. चिया मात्र सावकाश फुगतो आणि भोवतालचे सगळे दूध दाट करून टाकतो.

काल रात्री आईच्या देखरेखीखाली अर्धा लिटर तापवून निववलेल्या दुधात पाच मोठे चमचे चिया घातला. घातल्याबरोबर ढवळला, दहा मिनिटांनी पुन्हा ढवळला, तेव्हा तळाशी बसू पाहणारी गुठळी चमच्याला लागली आणि तिथल्या तिथे मोडली. अर्ध्या तासाने तिसऱ्यांदा ढवळून मगच पातेले फ्रिजमध्ये ठेवले. सकाळी दूध सायीच्या दह्यासारखे थिजले होते आणि प्रत्येक दाण्याभोवती काचेसारखे पातळ आवरण दिसत होते. त्यात दोन हापूसांचा रस कालवला. गोडीला दुसरे काही लागले नाही.

धाकटीचे मात्र मी वेगळे केले. अख्खे भिजलेले दाणेही तिच्या जिभेवरून निसटून इकडेतिकडे जातात, म्हणून थोडा चिया मिक्सरमध्ये कोरडाच बारीक करून त्यातली एक लहान चमचा पूड पाऊण वाटी उकळून गार केलेल्या पाण्यात अर्धा तास भिजवली आणि त्यात पिकलेले केळे कुस्करले. याहून जास्त घालण्याचा मोह टाळला. चियात शंभर ग्रॅममागे तीसहून अधिक ग्रॅम तंतू असतात आणि एवढ्याशा पोटाला ते एकदम झेपत नाहीत. चिया तिच्यासाठी नवा असल्यामुळे पुढचे तीन दिवस दुसरे काही नवे द्यायचे नाही, असेही ठरवले आहे. आईने सवयीने मधाची बाटली पुढे केली, तेव्हा मात्र आमचा थोडा वाद झाला. मधात बोट्युलिझम नावाच्या विषबाधेच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांना ते बाधत नाहीत, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करू शकतात, हे मी सांगितले. "तुला मी चाटवला होता," असे म्हणून तिने बाटली जागेवर ठेवली.

धाकटीने पहिला घास थोडा बाहेर काढला, मग तोच बोटाने पुन्हा आत ढकलला आणि वाटी संपवली. थोरल्याने "हे बेडकाच्या अंड्यांसारखे दिसते," असे जाहीर करूनही दोनदा मागून घेतले. पंचाईत झाली ती बाबांची. दोन चमच्यांतच दाणे त्यांच्या कवळीखाली जाऊन रुतले, ते उठून मोरीत चूळ भरून आले आणि नातीच्या रिकाम्या वाटीकडे पाहत म्हणाले, "तिच्यातले काही उरले आहे का?"

मिक्सरच्या भांड्यात चमचाभर पूड शिल्लक होती. तीच दुधात भिजवून, आंब्याची एक फोड बारीक चिरून त्यांना दिली. उद्यापासून पूड दोघांच्या मापाने करायची आहे.