लीच लेकवर मस्कीच्या मागे

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसहून उत्तरेला जाताना ब्रेनर्ड ओलांडलं की पेक्वॉट लेक्स नावाचं गाव लागतं. तिथली पाण्याची टाकी लाल-पांढऱ्या रंगात रंगवली आहे, गळाच्या दोरीवर तरंगणाऱ्या गोळ्यासारखी. ती दिसली की दाजी गाडीतली गाणी बंद करतात आणि माशांवर बोलायला लागतात. लीच लेकच्या काठचं वॉकर गाव येईपर्यंत ते थांबत नाहीत. मागे त्यांची बोट ट्रेलरवर हिंदकळत असते.

लीच लेक एक लाख एकरांहून मोठं आहे. मिनेसोटाच्या हद्दीत पूर्णपणे असलेल्या तळ्यांत तिसरं. त्याला एक आकार असा नाहीच, नुसते उपसागर एकमेकांना जोडलेले. वॉकरसमोरचा भाग दीडशे फुटांच्या आसपास खोल आणि पलीकडचं मुख्य तळं मात्र उथळ. वारा सुटला की त्या उथळ पाण्यात लाटा अशा उठतात की समोरचं बेट आहे की गेलं ते कळू नये.

मस्की म्हणजे गोड्या पाण्यातला मोठा शिकारी मासा. तिचा हंगाम इथे जूनच्या पहिल्या शनिवारी उघडतो, आम्ही त्याच्या पुढच्या आठवड्यात गेलो. मे महिन्यात या माशांची अंडी घालून होतात. त्यानंतरचे काही दिवस मासा दमलेला असतो, भुकेला असला तरी मोठ्या आमिषामागे धावत नाही. म्हणून ऑगस्टमधले ते वीतभर लांबीचे, पाण्यात खळबळ माजवणारे ल्युअर, म्हणजे नकली आमिषं, दाजींनी घरीच ठेवले होते. लहान बकटेल (केसांचा झुपका बांधलेला ल्युअर) लावायची, सावकाश गुंडाळायची आणि जिथे पाणी चार अंशांनी गरम आहे, जिथे नव्या पाणवनस्पती तळातून नुकत्या वर येताहेत, तिथेच फिरायचं. दाजी दर दहा मिनिटांनी तापमान वाचून दाखवत होते, दवाखान्यातल्या नर्ससारखे.

आमिषाच्या दुकानातल्या म्हाताऱ्याने निघताना एकच बजावलं: रानतांदळापासून लांब राहा. या तळ्याचा मोठा भाग ओजिब्वे लोकांच्या लीच लेक आरक्षित प्रदेशात येतो आणि उपसागरांतला रानतांदूळ हे त्यांचं धान्य. जूनमध्ये त्याची पाती पाण्यावर आडवी पसरलेली असतात, मुळं अजून कच्ची. बोटीच्या लाटेनेही रोप उपटून येतं. दाजींनी तिथे इंजिन बंद केलं आणि बराच वळसा घेतला. मला ते आवडलं.

मग फेक सुरू झाली. लव्हाळ्यांच्या कडेने फेकायचं, गुंडाळायचं, पुन्हा फेकायचं. मस्कीला इथले लोक ‘दहा हजार फेकींचा मासा’ म्हणतात. नवख्यांना घाबरवण्यासाठीच हा आकडा काढला असावा, पण दुपारपर्यंत माझ्या खांद्याला तो पटू लागला होता. याच तळ्यावर जुलै १९५५ मध्ये, वारा पडलेल्या उकाड्याच्या दिवसांत, मस्की एकाएकी वेड्यासारख्या गळाला लागू लागल्या. लोकांनी ढिगाने मासे काठावर आणले, फोटो काढले आणि मिरवले. तेव्हा सोडून देणं कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

आता ५४ इंचांहून लहान मस्की ठेवताच येत नाही. मोठा मासा मिळाला तरी इथले बहुतेक लोक सोडून देतात. इतकी लांबी गाठायला मादीला बरीच वर्षं लागतात. १९८०च्या दशकात राज्याने शूपॅक लेकमधला, फारसा न वाढणारा वाण सोडणं थांबवलं आणि लीच लेकच्या माशांची पिल्लं इतर तळ्यांत सोडायला सुरुवात केली. आज मिनेसोटात दूरदूरच्या तळ्यांवर ज्या अजस्र मस्की गळाला लागतात, त्यांतल्या पुष्कळांचं माहेर हे.

पहिली मस्की आली ती ल्युअरच्या मागे. तीन-साडेतीन फूट, हिरवट-सोनेरी, अंगावर उभे गडद पट्टे. बकटेल बोटीपाशी आली तशी मीही शिकवल्याप्रमाणे रॉडचं टोक पाण्यात बुडवून इंग्रजी 8 सारखा मोठा आठ काढला. वळण रुंद हवं, नाहीतर एवढ्या लांबीच्या माशाला फिरताच येत नाही. ती एका वळणापर्यंत आली. थांबली. डोळा माझ्याकडे होता अशी माझी खात्री आहे (दाजी म्हणाले, “अरे, ती बोट बघते, तुला नाही”). मग कल्ले हलवत खाली गेली. माझे हात पुढची दहा मिनिटं थरथरत होते.

संध्याकाळी दाजींना एक लागली, तीही आठ काढतानाच, बोटीपासून हातभर अंतरावर. या अक्षांशावर जूनमध्ये नऊ वाजून गेले तरी उजेड असतो, म्हणून सगळं नीट दिसलं. मासा जाळ्यात पण पाण्यातच ठेवायचा, लांब पकडीने गळ सोडवायचा. निघत नसेल तर कटरने गळच कापायचा, त्यात कंजूषी नाही. ४२ इंच. एक फोटो, मग शेपटीचा बुंधा धरून पाण्यात तोलून ठेवली. दाजींच्या तोंडावर एक फटका पाणी मारून ती गेली.

रात्री आईचा फोन आला. मालवणची बाई, तिने विचारलं, “मग खाल्लात काय?” वॉलआय, म्हणजे इथला खायचा मासा, तळून खाल्ला, असं सांगितलं. मस्की सोडली हे दाजींनी सांगितल्यावर पलीकडे ती ताईला म्हणाली, “यांचं डोकं तपासून घे.”

परत निघताना धक्क्यावर बोटीच्या बुडाचं बूच काढून पाणी सोडावं लागतं, ट्रेलरला अडकलेलं शेवाळ-गवत हाताने वेचावं लागतं, कायदाच आहे. या तळ्यात झेब्रा शिंपले, म्हणजे बाहेरून आलेले उपद्रवी शिंपले, शिरलेत, ते पुढच्या तळ्यात जाऊ नयेत म्हणून. तपासणाऱ्या मुलीने विचारलं, आता बोट कुठे उतरवणार? दाजी म्हणाले, परवा, मिनियापोलिसजवळच्या मिनेटोन्का तळ्यात. ती म्हणाली, मग आधी पाच दिवस वाळवा. वॉकर ते ब्रेनर्ड दाजी एक शब्द बोलले नाहीत.