फी माफ, पण आधी भरा

मुलींना इंजिनिअरिंगची फी माफ झाली हे तुम्ही टीव्हीवर ऐकलं असेल. कॉलेजच्या फी काउंटरपर्यंत ती बातमी कशी पोहोचते, की पोहोचवावी लागते, ते मी सांगते. गोष्ट २०२४ च्या प्रवेशाची आहे. लेक आता तिकडे रुळली, पण त्या खिडकीचा विषय निघाला की माझं डोकं अजून तापतं.

माझं बार्शीत झेरॉक्सचं दुकान आहे. ऑनलाइन फॉर्मही भरून देते. पॅन कार्ड, पीकविमा, शिष्यवृत्ती, रोज हेच. त्यामुळे कागदाला मी घाबरत नाही आणि सीईटी (प्रवेश परीक्षा), कॅप (सरकारची एकत्रित प्रवेशप्रक्रिया), ऑप्शन फॉर्म (कॉलेजांचा पसंतीक्रम) या सगळ्यातून आम्ही फारसं न अडखळता पार पडलो. त्यातलं कामाचं तेवढं सांगते. जात वैधता प्रमाणपत्र बारावीच्या दिवाळीआधी हातात पाहिजे, निकालानंतर पळापळ करून ते मिळत नाही. नॉन-क्रिमी लेअर, म्हणजे ओबीसींना लागणारा उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला, मात्र एप्रिल उजाडल्यावर काढा. त्यावर पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध अशी तारीख लागते, आणि दिवाळीत काढलेला एका वर्षाचा दाखला प्रवेशाच्या वेळी शिळा झालेला असतो. आमच्या दुकानात दरवर्षी दोन-चार पालक याच एका तारखेपायी रडकुंडीला येतात.

पहिल्या फेरीत बेटरमेंट घेतलं, म्हणजे मिळालेली जागा हातात ठेवून पुढच्या फेरीत वरच्या पसंतीची वाट पाहिली. दुसऱ्या फेरीत पुण्याजवळच्या एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर लागलं. यादीत नावापुढे अक्षरं होती जी-ओबीसी-ओ. यातलं शेवटचं ओ म्हणजे आपल्या विद्यापीठाबाहेरची जागा, आणि पहिलं जी म्हणजे सर्वसाधारण. मुलींसाठी राखीव ३० टक्क्यांतली जागा असती तर तिथे एल आलं असतं. हे मुद्दाम सांगते, कारण पेढे घ्यायला आलेल्या आमच्या मेहुण्यांचं पहिलं वाक्य होतं, ‘मुलींच्या कोट्यातनं लागली असंल.’ मी मोबाइलवर यादी काढून ते जी त्यांना दाखवलं. एल असतं तरी काही बिघडलं नसतं म्हणा, पण नव्हतं.

आता काउंटर.

८ जुलै २०२४ चा शासन निर्णय (जीआर) आहे, उच्च व तंत्रशिक्षण विभागाचा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात पूर्वीच्या ५० टक्क्यांऐवजी १०० टक्के लाभ. अट एवढीच की प्रवेश कॅपमधून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर घेतलेल्या जागेला हे लागू नाही. यात अवघड काय आहे? पण काउंटरवरच्या गृहस्थांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली आणि म्हणाले, ‘मॅडम, आमच्या सॉफ्टवेअरला ओबीसीला पन्नासच टक्के आहे. उरलेले पन्नास भरा. महाडीबीटीचं आलं की परत मिळतील.’ महाडीबीटी म्हणजे शिष्यवृत्तीचं सरकारी पोर्टल.

उरलेले पन्नास म्हणजे साठ हजारांच्या वर. शिवाय डेव्हलपमेंट फी वेगळी. ती माफीत बसत नाही, हे आधीच धरून चाला. बरेच पालक ‘फी माफ’ म्हणजे सगळंच माफ समजून रिकाम्या हाताने जातात.

मी म्हणाले, जीआर आलाय. ते म्हणाले, आम्हाला सर्क्युलर नाही आलं. मी मोबाइलवर जीआर दाखवला. ते म्हणाले, हे आम्हाला डीटीईकडून, म्हणजे तंत्रशिक्षण संचालनालयाकडून, यायला पाहिजे. डीटीईच्या साइटवरून काढून दाखवला, तर म्हणाले साहेब जेवायला गेलेत. साहेब आले ते मीटिंगला गेले. आणि दर थोड्या वेळाने एक वाक्य ऐकू यायचं, ‘पाचच्या आत रिपोर्टिंग झालं नाही तर सीट कॅन्सल होईल, मग आम्हाला बोलू नका.’ रिपोर्टिंग म्हणजे कॉलेजात कागद दाखवून, फी भरून प्रवेश पक्का करणं. घड्याळ त्यांच्या बाजूने होतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. एक गोष्ट त्यांच्याही बाजूने सांगायला हवी: सरकारकडून कॉलेजांना हे पैसे उशिरा मिळतात. पण म्हणून ते उसने माझ्याकडून का घ्यायचे?

मी ह्यांना फोन लावला. हे खताच्या दुकानात कामाला आहेत. आमच्याकडे तेवढे पैसे नव्हते असं नाही, होते. धाकट्याच्या लातूरच्या क्लाससाठी ठेवलेले. तो दहावीत होता, पुढच्या वर्षी त्याला लातूरला ठेवायचं, मेस, खोली, क्लास, सगळा हिशेब ह्यांच्या डायरीत लिहिलेला. हे थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘सोलापुरात मिळत होतं की एखादं. घरनं जाऊन-येऊन केलं असतं. पुढची फेरी आहे ना?’

ह्यांचा लेकीवर जीव नाही असं कुणी म्हणू नये. मार्कांची यादी व्हॉट्सॲपच्या तीन ग्रुपवर टाकणारे हेच. पण पैसा एक आणि पोरं दोन असली की कुणाचा खर्च पुढे ढकलायचा, हे आमच्या घरांतून न बोलताच ठरलेलं असतं. मुलीला कॉम्प्युटर शिकवायला हल्ली कुणी नाही म्हणत नाही. उलट ‘बसून काम, एसीत काम, मुलीला बरं’ असं म्हणतात. नाही म्हणतात ते लांबच्या कॉलेजला, हॉस्टेलला, आणि आधी भराव्या लागणाऱ्या पैशाला. आयआयटीत २०१७ पर्यंत बी.टेक.ला शंभरात जेमतेम आठ-दहा मुली असायच्या. मग मुलांच्या जागा न कापता मुलींसाठी जादा जागा काढल्या, २० टक्क्यांचं लक्ष्य ठेवलं, तेव्हा आकडा हलला. आमची अडचण जागेची नव्हतीच. जागा हातात होती, माफीचा कागद हातात होता, आणि मध्ये एक खिडकी होती.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक गृहस्थ बसले होते, पांढरी टोपी, बरोबर मुलगी. मुलगी फाइल मांडीवर घेऊन तिच्या प्लॅस्टिकच्या बटणाची उघडझाप करत होती. त्यांनाही हेच सांगितलेलं. मला म्हणाले, ‘ताई, एवढं लगेच कुठनं आणू? बीएस्सीला घालतो गावाकडंच. तिथंबी कॉम्प्युटर असतंयच की.’ मुलगी काही बोलली नाही. मी म्हटलं, थांबा, मी जीआरची प्रिंट काढून आणते, तुम्हालाही देते.

कॉलेजच्या गेटबाहेर झेरॉक्सवाला होता. पानाला दहा रुपये. आमच्याकडे दोन रुपये घेते मी! पण काढल्या. जीआरच्या दोन प्रती, लाभाच्या आणि कॅपच्या ओळींवर पिवळा मार्कर. आणि एका कोऱ्या कागदावर, तिथेच त्याच्या काचेवर ठेवून, प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिला. विषय: माफ असलेले शिक्षण शुल्क प्रवेशाच्या वेळी मागितल्याबाबत. मजकूर चार ओळींचा. मुलीचा प्रवेश कॅपमधून झाला आहे, उत्पन्न मर्यादेत आहे, दाखले सोबत आहेत, तरी ५० टक्के शुल्क कोणत्या आदेशाने मागितले जात आहे ते लेखी द्यावे, आणि शुल्काअभावी प्रवेश नाकारत असाल तर तेही लेखी द्यावे. खाली डाव्या बाजूला ‘प्रत माहितीसाठी: सहसंचालक, तंत्रशिक्षण, विभागीय कार्यालय, पुणे’.

हा अर्ज फी काउंटरवर द्यायचा नाही. आवक-जावक विभागात द्यायचा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. आवकच्या बाईंनी अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं, परत वाचला आणि शिक्का मारण्याआधी आत फोन केला. मग मीटिंगला गेलेले साहेब सापडले.

साहेबांच्या केबिनमध्ये सगळं फार गोड झालं. चहा आला. ‘मॅडम, तुम्ही आधीच भेटायला हवं होतं.’ मी त्यावर काही बोलले नाही, चहा घेतला. त्यांनी एक छापील हमीपत्र पुढे केलं: शिष्यवृत्तीची रक्कम संस्थेस न मिळाल्यास संपूर्ण शुल्क भरीन. थांबा, इथे नीट वाचा. ‘न मिळाल्यास’ म्हणजे कशामुळे न मिळाल्यास? सरकारने दोन वर्षं पैसे सोडले नाहीत, तरी तुम्हीच भरायचे? मी ते वाक्य खोडून घ्यायला लावलं आणि हाताने लिहिलं, ‘पालकाच्या कागदपत्रांतील त्रुटीमुळे अर्ज अपात्र ठरल्यास’. शेजारी दोघांच्या सह्या. साहेब म्हणाले, तुम्ही वकील आहात का? म्हटलं, झेरॉक्सवाली आहे. डेव्हलपमेंट फी आणि बाकीचं किरकोळ भरलं, पावती घेतली, पाचच्या आत रिपोर्टिंग झालं.

बाहेर आले तर त्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. जीआरची दुसरी प्रत माझ्याकडेच राहिली. लेक सांगते, वर्गात मुली निम्म्याच्या आसपास आहेत, पण बहुतेक पुण्या-पिंपरीच्या. तालुक्याच्या गावातून आलेल्या अगदी थोड्या. तो वर्ग बघून कुणालाही वाटेल की मुली कॉम्प्युटरला पुरेशा आहेत.

महाडीबीटीचं आता थोडक्यात. अर्ज एकदा परत आला, ‘सेंड बॅक’, कारण अलॉटमेंट लेटर पुसट दिसतं म्हणे. फाइल २५६ केबीत बसवायला लोक इतकी दाबतात की अक्षरं उडतात. रंगीत स्कॅन करू नका, काळंपांढरं करा, आकार आपोआप कमी होतो. अर्ज भरून झाला की काम संपत नाही. तो कॉलेजच्या लॉगिनला पडून राहतो, तिथून पुढे ढकलला गेला का, हे आठवड्याला बघायचं आणि पडूनच असेल तर शिष्यवृत्ती विभागात जाऊन उभं राहायचं. फोन उचलत नाहीत.

आणि बँक. ‘आधार लिंक आहे’ असं बँकेने सांगितलं म्हणजे झालं असं नाही. सरकारी पैसा आधारला सीड केलेल्या, म्हणजे अशा पैशासाठी आधारशी जोडून ठेवलेल्या, खात्यात जातो, आणि ते खातं एका वेळी एकच असतं. लेकीचं निघालं चौथीत उघडलेलं शाळेचं खातं, कधीचं बंद पडलेलं. आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस बघा, दोन मिनिटांचं काम आहे. खातं जुनं निघालं तर पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत नवीन उघडून सीडिंग बदलून घ्या.

राहिलेलं एक, ऑप्शन भरतानाच सांगायला हवं होतं. टीएफडब्ल्यूएसच्या (शिक्षण शुल्क माफीच्या) जागा वेगळ्या कोडने येतात, शिक्षण शुल्क तिथे मुळातच नसतं, त्यामुळे ही सगळी भांडाभांडी लागत नाही. पण कटऑफ वर असतो. मार्क असतील तर ते कोड आधी टाका. आणि दहावीनंतर मुलीला लांब पाठवायला घरचे तयार नसतील, तर लातूर, तासगाव, यवतमाळ इथे मुलींची शासकीय निवासी तंत्रनिकेतनं आहेत. आधी डिप्लोमा, मग थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग. घरच्यांचं मन तोवर तयार होतं. एआयसीटीईची (केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची) प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला ५० हजारांची आहे, खास मुलींची. पण दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेत असाल तर अडतं, आधी नियम वाचा. हॉस्टेल मिळालं नाही आणि मुलगी ओबीसी असेल, तर सावित्रीबाई फुले आधार योजनेचा अर्ज वेगळा करावा लागतो. माफीच्या अर्जात तो येत नाही.

धाकटा गेला लातूरला. दोघांचं भागलं, थोडी ओढाताण झाली.

दुसऱ्या वर्षी महाडीबीटीचा अर्ज रिन्यूअलमध्ये पुन्हा भरावा लागतो, आपोआप पुढे जात नाही. आणि फी काउंटरवरचा माणूस बदललेला असतो. नव्या माणसाने लेकीला पुन्हा ‘उरलेले पन्नास भरा’ म्हटलंच. तिने आवक क्रमांकाचा कागद आणि खोडलेलं हमीपत्र पुढे केलं, मला फोनही केला नाही. दोन्हीच्या झेरॉक्स मी तिच्या फाइलमध्ये चार-चार घालून ठेवल्या आहेत.