फ्रेमआधी उतार

काम असं होतं: दोन स्कीपटू ताज्या बर्फातून उतरत आहेत, ऊन तिरपं आहे, बर्फाचा तुषार उडतो आहे, असे फोटो हवे होते. नकाशावर जागाही हेरलेली होती, कड्याच्या पूर्वेचा रुंद, अखंड उतार. पहिलं ऊन तिथेच पडतं. पण रात्रभर पश्चिमेचा वारा होता. असा वारा कड्याच्या एका बाजूचा बर्फ खरवडतो आणि पलीकडच्या आडोशाला नेऊन टाकतो. आभाळातून वीतभरच पडला असला तरी आडोशाला त्याच्या कितीतरी पट थर चढतो, आणि कण मोडून घट्ट बसल्यामुळे त्याची एकसंध लादी तयार होते. कॅमेऱ्याला सर्वात देखणा वाटणारा गुळगुळीत, पांढराशुभ्र उतार बहुतेकदा हाच असतो. हिवाळ्यात डोंगरात फोटो काढण्यातली खरी अडचण ही आहे. थंडीचा नंबर त्यानंतर लागतो.

सकाळच्या हिमस्खलन पत्रकात धोक्याची पातळी 5 पैकी 3 होती. ‘तीन म्हणजे मधली’ असं समजून निघणारे खूप भेटतात. या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात. तिसऱ्या पातळीला एका माणसाच्या वजनानेही लादी सुटू शकते, आणि हवा छान असल्यामुळे लोक बाहेर पडतात.

निघण्यापूर्वी प्रत्येकाचा बीकन, म्हणजे बर्फाखाली गाडलेल्या माणसाला शोधायला संदेश पाठवणारं आणि पकडणारं अंगावरचं छोटं यंत्र, तपासला: आधी पाठवण्याच्या स्थितीत, मग शोधण्याच्या. सगळे बीकन 457 किलोहर्ट्झवर चालतात आणि आसपासच्या विद्युत उपकरणांमुळे बिचकतात. पाठवताना कॅमेरा, फोन, गरम होणारे हातमोजे निदान 20 सेंमी लांब हवेत, शोधताना 50 सेंमी. फोटोग्राफर छातीवर कॅमेरा बांधतो आणि बीकनचा पट्टाही तिथेच येतो, म्हणून मी बीकन पँटच्या चेनच्या खिशात ठेवतो आणि कॅमेरा बॅगच्या खांदापट्टीला वर अडकवतो. चुंबकाचं बटण असलेली कॅमेऱ्याची पाऊच मात्र घेऊच नये. बॅग भरताना आधी फावडं आणि 3 मीटरचा प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची घडीची काठी), तेही हाताला लगेच लागतील अशा वेगळ्या कप्प्यात. उरलेल्या जागेत लेन्स. त्या दिवशी 24–70 आणि 70–200 मिमीच्या एवढ्याच मावल्या आणि तेवढ्या पुरल्या.

हेरलेल्या उतारापासून अजून बरेच लांब, जवळजवळ सपाटीवर चालत असताना पायाखाली ‘धप्प’ असा खोल आवाज झाला आणि सगळं मैदान बोटभर खचल्यासारखं वाटलं. गाइड ओरडला, “थांबा! कोणी हलू नका.” पुढच्याच क्षणी उजवीकडच्या लहानशा तीव्र चढावर आडवी भेग पळत गेली आणि तीसेक मीटर रुंदीची लादी सुटून खालच्या घळीत गेली. आम्ही त्या चढावर नव्हतो, त्याच्या खालीही नव्हतो.

जुन्या बर्फावर सुट्या, एकमेकांना न चिकटलेल्या कणांचा थर असला आणि वर जड लादी चढली, की एका जागी पडलेल्या वजनाने तो थर कोसळतो आणि ते कोसळणं आडवं पसरत जातं. सपाटीवर नुसता आवाज होतो. तेच कोसळणं 30 अंशांपेक्षा जास्त चढापर्यंत पोचलं, तर लादी घसरते. बहुतेक लाद्या 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात. म्हणून आपण कुठे उभे आहोत याइतकंच आपल्याशी जोडलेलं वर काय आहे, हेही पाहावं लागतं. स्खलन लहान होतं, पण घळ अरुंद असल्याने ढिगारा माणूस गाडला जाईल इतका खोल साचला. गाडल्या गेलेल्या माणसाला वाचवायला हातात दहा-पंधराच मिनिटं असतात. त्यानंतर गुदमरून मरण्याचा धोका झपाट्याने वाढतो.

हेरलेला उतार तिथेच रद्द झाला. त्यावर चर्चा झाली नाही, व्हायलाही नको होती. आम्ही एकेक करून, अंतर ठेवून आलेल्या वाटेनेच मागे फिरलो आणि कड्याच्या एका रुंद खांद्यावर गेलो. उतार 25 अंशांच्या आत, आणि वर त्याहून तीव्र काही नाही. अंश फोनच्या कोनमापकाने मोजले. लेन्समधून पाहून उतार कधीच ठरवू नये. वाइड लेन्स तो सपाट करून दाखवते आणि लांबची लेन्स समोरून पाहिलं तर भिंत उभी करते.

सौम्य उतारावरही तुषार उडतो, कारण तो चढापेक्षा वळणाच्या जोरावर अवलंबून असतो. स्कीपटूला एकच जागा दाखवली, तिथे एकच जोरदार वळण. मी बाजूला, गुडघ्यावर, ऊन त्याच्या मागून तिरपं. शटर 1/1600, एफ 5.6, एक्स्पोजर +1.3, कारण कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर पांढऱ्या बर्फाला राखाडी करायला बघतो. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतला उजेड-अंधार दाखवणारा आलेख, उजव्या कडेला टेकण्याआधी थांबतो ना, एवढं बघायचं. एका वेळी एकच माणूस उतारावर, आणि ‘सोड’ हा इशारा गाइडनेच द्यायचा. कॅमेरा धरलेल्याने ‘अजून एकदा, थोडं वरून’ म्हणू नये. माणूस ते ऐकतो, आणि मग उतार तपासायचा राहून जातो.

तापमान उणे 15, वारा ताशी 30 किमी. उघड्या कातडीला ते उणे 26 सारखं लागतं. जाड जॅकेट थंडी वाजल्यावर घालून उपयोग नाही, पोचल्याबरोबर घालायचं. पातळ हातमोज्यावर जाड, आणि अंगठा करंगळीला नीट टेकेनासा झाला की काम थांबवून बोटं काखेत. कातडी पांढुरकी, मेणचट दिसली तर चोळायचं नाही. कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या आतल्या खिशात. थंडीने ‘संपलेली’ बॅटरी ऊब मिळाली की पुन्हा थोडी चालते. आत शिरण्याआधी बाहेरच कार्ड काढून घेतलं आणि कॅमेरा हवाबंद पिशवीत बांधला. आतल्या हवेतलं बाष्प मग पिशवीवर जमतं, काचेवर नाही. दोन-तीन तास पिशवी उघडायची नाही.

संध्याकाळी स्कीचे फोटो बाजूला ठेवून सुटलेल्या लादीचे आधी पाहिले. ते सपाटीवरून, 200 मिमीवर काढले होते. भेगेची पूर्ण लांबी एका फ्रेममध्ये होती, आणि घळीच्या तोंडाशी ढिगारा कुठे थांबला तेही दिसत होतं. हिमस्खलनाचं पत्रक काढणाऱ्यांना ते पाठवले. सोबत वेळ, उंची, उताराची दिशा, दुरून मोजलेले 36 अंश, आणि भेगेजवळ गेलो नव्हतो म्हणून लादीची जाडी ‘अंदाजे 40 सेंमी’. सपाटीवरून चालताना लादी दुरून सुटली, ही ओळ सर्वात वर लिहिली. दुसऱ्या दिवशी त्या बाजूला जाणाऱ्यांना तीच आधी कळायला हवी होती.