खाडीकाठचा खून लिहिताना

माझ्या कादंबरीतला खून ३० जून २०२४ च्या रात्री होतो. ही तारीख मला कायद्याने दिली. निम्मं लिहून झालं होतं, तेवढ्यात १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आणि माझ्या फौजदाराच्या तोंडचं ३०२ कलम खुनाचं राहिलं नाही. खून गेला १०३ मध्ये. नव्या संहितेत ३०२ आहे, पण ते धार्मिक भावना दुखावणाऱ्या उद्गारांसाठी! घरचे म्हणाले, गोष्ट वर्षभर मागे ने, कटकट मिटेल. मला वाटलं, ही कटकटच गोष्टीत घ्यावी.

तर प्रेत सापडतं एक जुलैच्या सकाळी, ठाणे खाडीच्या काठी, ऐरोलीच्या बाजूला तिवरांमध्ये, चिखलात. मृत्यू रात्री बाराच्या आधीचा की नंतरचा? आधीचा असेल तर कलम जुनं आणि तपासाची पद्धत नवी, असा पेच. खुनाची शिक्षा दोन्ही कायद्यांत तीच, फाशी किंवा जन्मठेप. त्यामुळे खुन्याला बाराच्या ठोक्याचं सोयरसुतक नाही. ते आहे फौजदाराला, कारण एफआयआरमध्ये कलम त्याला लिहायचंय. त्या एका रकान्यासाठी तो वेळेच्या इतका मागे लागतो, की भलत्याच माणसाचं खोटं उघडं पडतं. कादंबरीचा कणा मला इथे सापडला.

मी राहते नौपाड्यात, नोकरी महापेला, एका कंपनीच्या हिशेबखात्यात. वाशी-पनवेलच्या गाड्या ठाण्याहूनच सुटतात, त्यामुळे दोन गाड्या सोडायची तयारी असेल तर बसायला मिळतं. लिखाण तिथेच, घणसोली येईपर्यंत. लांब वही, बॉलपेन. फोनवर लिहून पाहिलं, पण शेजारचीला माझ्या पडद्यावर ‘गळा’ आणि ‘दोरी’ दिसल्यावर ती जी सरकून बसली! वहीतलं माझं अक्षर मलाच लागत नाही, ती सोय बरी. परतीच्या गाडीत लिहीत नाही, सकाळचं खोडते. घरी फक्त तक्ता: आडवे तास, उभी माणसं, कोण केव्हा कुठे होतं ते पेन्सिलीने. एकही प्रकरण लिहिण्याआधी हा तक्ता खुन्याच्या बाजूने पुरा भरला होता. बाकी सगळे बोलतात ते त्या तक्त्यावर घातलेलं पांघरूण.

वाचनाचं म्हणाल तर मराठी ग्रंथ संग्रहालयाची, १८९३ सालच्या आमच्या ठाण्याच्या वाचनालयाची, मी लहानपणापासूनची सभासद. बाबूराव अर्नाळकर तिथूनच आणून वाचले. हजारावर रहस्यकथा लिहिल्या त्यांनी. झुंजार आणि काळापहाड या त्यांच्या नायकांकडून मी वेग शिकले: पहिल्या पानावर हवापाण्याच्या गप्पा नकोत. पण वेषांतर, भुयार, ऐनवेळी येणारा नायक हे माझ्या हातून होत नाही. मला कागद लागतो. त्या बाबतीत गुरू अगाथा ख्रिस्ती. पहिल्या महायुद्धात त्या इस्पितळाच्या औषधखान्यात काम करत होत्या आणि १९२० साली आलेल्या त्यांच्या पहिल्याच कादंबरीतला विषप्रयोग त्या ज्ञानावर उभा आहे. रोज ज्या कामात हात असतो, त्यातूनच खून काढावा हे मी तिथून उचललं. माझ्या रोजच्या कामात व्हाउचरं आहेत. माझा खून व्हाउचरातूनच निघतो.

सगळ्यात जास्त वेळ पाण्याने खाल्ला. प्रेत वाहत वाशी पुलापर्यंत जातं, असं आधी मनात होतं. ओळखीच्या एका डॉक्टरांनी तो बेत मोडला. प्रेत बहुतेक वेळा आधी बुडतं, फुगल्यावर वर येतं. एका रात्रीत असं तरंगत जाणार नाही. मग प्रेत चिखलातच ठेवलं आणि पाण्यात सोडला एक प्लॅस्टिकचा डबा. डबा कुठे जाईल हे विचारायला चेंदणी कोळीवाड्यात गेले. तिथले एक काका म्हणाले, “ताई, तिथी सांगा.” ज्येष्ठ वद्य नवमी. “तिथीची पाऊणपट करा. नवमीला पावणेसात. तेव्हा भरती. पण भांगाचं पाणी, जोर नाही त्याला.” म्हणजे संध्याकाळी पावणेसातला भरती, तीही भांगाची, कमी जोराची, मग रात्री एकच्या सुमारापर्यंत ओहोटी. खाडीत आतपर्यंत यायला पाणी आणखी थोडा वेळ घेतं. अकराला टाकलेला डबा वाशीकडे सरकणार, अडीचला टाकलेला उलटा कळव्याकडे. डबा कुठे सापडतो ते इथे सांगत नाही.

डबा हलला की हद्द बदलते, हा आपल्या खाडीचा फायदा. पश्चिमेला मुलुंड-भांडुप मुंबई पोलिसांचं, पूर्वेला ऐरोली नवी मुंबईचं, वर कळवा ठाण्याचं. एका डब्यासाठी तीन आयुक्तालयांत फोन जातात. बाहेरगावच्या लेखकाला हे आयतं मिळायचं नाही.

पंचनाम्याचं प्रकरण लिहिताना मला सर्वात मजा आली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झडती-जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण आलं, आणि माझ्या गोष्टीत तो त्या कायद्याचा पहिलाच दिवस. हवालदार मोबाइल धरून चिखलात उभा, पंचांपैकी एक सारखा चौकटीबाहेर जातोय, आणि फौजदार सांगतोय तसा मुद्देमाल पुन्हा हातात घेऊन दाखवायचा की नाही यावर त्याचं आणि हवालदाराचं जुंपतं.

हस्तलिखित आमच्याच इमारतीतल्या एका निवृत्त फौजदारांना वाचायला दिलं. त्यांनी आठवड्याने परत दिलं, समासात पेन्सिलीच्या खुणा. “मॅडम, तुमच्या हवालदाराचा पहाटेचा चहा कुठाय? आणि अकस्मात मृत्यूची नोंद आधी दाखवा. प्रेत दिसलं की लगेच खून म्हणत नाही कोणी.” चहा एका ओळीत झाला. ए.डी.ची, म्हणजे अकस्मात मृत्यूची, नोंद घालायला मात्र दुसरं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं, आणि त्यामुळे संशय चाळीस पानं उशिरा सुरू होतो, जे मला आवडलं.

प्रकाशकांना पंचनामा लांबलेला वाटतो. त्यातली हद्दीच्या दगडावरची दोन पानं मी काढली आहेत. मोबाइलची ठेवली आहेत, त्यावरून अजून बोलणं चालू आहे.