व्हिडिओ अडखळतो कुठे: फाइलमध्ये की पडद्यावर?

फोन नवा आहे, पडदा १२० हर्ट्झचा आहे, कॅमेरा सेकंदाला ६० फ्रेम टिपतो, आणि तरीही व्हिडिओ पाहताना मध्येच गचके बसतात, अशी तक्रार माझ्याकडे सतत येत असते. तक्रार करणाऱ्याने तोपर्यंत सेटिंगमधला दिसेल तो आकडा वाढवून पाहिलेला असतो आणि तरी फरक पडलेला नसतो. तो पडणारही नसतो, कारण अशा बहुतेक प्रकरणांत वेग कमी पडलेला नसतो, तर दोन वेगांचा मेळ बसलेला नसतो. तो मेळ कुठे चुकतो आहे हे शोधण्याची एक ठरावीक रीत आहे आणि ती सविस्तर लिहून ठेवावी असे बरेच दिवस मनात होते.

फ्रेम रेट हा फाइलचा गुण आहे. कॅमेऱ्याने सेकंदाला किती चित्रे टिपली, ते तो सांगतो. रिफ्रेश रेट हा पडद्याचा गुण आहे आणि पडदा सेकंदाला किती वेळा स्वतःला नव्याने रंगवतो, ते त्यावरून कळते. ६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी ताजा होतो, ९० हर्ट्झचा ११.१ मिलिसेकंदांनी आणि १२० हर्ट्झचा ८.३ मिलिसेकंदांनी. पडदा ज्या क्षणी ताजा होईल त्याच क्षणी नवी फ्रेम दिसू शकते, अधेमधे नाही. त्यामुळे प्रत्येक फ्रेमला पडद्यावर पूर्ण संख्येनेच पाळ्या मिळतात: एक, दोन, तीन, पण कधीही अडीच नाही. पुढचा बहुतेक सगळा गुंता या एका गोष्टीतून निघतो.

सेकंदाला २४ फ्रेमचा व्हिडिओ ६० हर्ट्झच्या पडद्यावर लावला की प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला अडीच पाळ्या येतात. अडीच शक्य नाहीत म्हणून एका फ्रेमला तीन आणि पुढच्या फ्रेमला दोन, अशी आलटून पालटून वाटणी होते. म्हणजे एक फ्रेम ५० मिलिसेकंद टिकते आणि पुढची ३३.३ मिलिसेकंद. माणूस स्थिर बसून बोलत असेल तर हे कोणाच्या लक्षातही येत नाही, पण कॅमेरा इमारतींच्या रांगेवरून सावकाश आडवा फिरत असेल तर प्रत्येक खांब किंचित थबकत, किंचित धावत सरकताना दिसतो. हाच व्हिडिओ १२० हर्ट्झवर लावा. प्रत्येक फ्रेमला बरोबर पाच पाळ्या मिळतात आणि थबकणे नाहीसे होते. २४, ३० आणि ६० या तिन्ही आकड्यांनी १२० ला निःशेष भाग जातो, आणि १२० हर्ट्झच्या पडद्याचे माझ्या दृष्टीने खरे मोल इथे आहे. बोटाखाली यादी झरझर सरकते ही गोष्ट त्यापुढे दुय्यम आहे.

आता ९० हर्ट्झचा पडदा घ्या. ३० फ्रेमचा व्हिडिओ त्यावर तीन-तीन पाळ्यांनी उत्तम चालतो, पण ६० फ्रेमच्या व्हिडिओला दीड पाळी येते, म्हणून एक फ्रेम ११.१ मिलिसेकंद दिसते आणि पुढची २२.२ मिलिसेकंद. परिणामी ६० फ्रेमचा तोच व्हिडिओ ९० हर्ट्झच्या महाग पडद्यापेक्षा ६० हर्ट्झच्या साध्या पडद्यावर अधिक सलग दिसतो. अनेकांना हे खोटे वाटते, पण पडदा ६० हर्ट्झवर आणून तोच तुकडा पुन्हा पाहिला की खात्री पटते. १४४ हर्ट्झची कथा अशीच आहे: २४ ला तो छान मानवतो, ३० आणि ६० ला मानवत नाही. २५ फ्रेमचा व्हिडिओ तर यांपैकी कोणत्याच पडद्यावर समान वाटणीने बसत नाही. मात्र १२० हर्ट्झवर बहुतेक फ्रेमना पाच आणि एखादीला चार पाळ्या मिळत असल्याने फरक केवळ ८.३ मिलिसेकंदांचा उरतो, आणि तो डोळ्यांना सहसा जाणवत नाही.

काही जणांची तक्रार याहून वेगळी असते. व्हिडिओ अगदी सलग चालतो, पण ठरावीक अंतराने एकच बारीक गचका बसतो. असे असेल तर फाइलचा नेमका फ्रेम रेट पाहावा. तो ६० ऐवजी ५९.९४ असण्याची दाट शक्यता असते. हा विचित्र आकडा जुन्या दूरचित्रवाणीची देणगी आहे. १९५३ साली अमेरिकेत रंगीत प्रक्षेपणाचे मानक ठरले, तेव्हा रंगाचा संकेत आणि ध्वनीचा संकेत एकमेकांत मिसळून चित्रात व्यत्यय येऊ नये म्हणून मूळ ३० चा वेग हजारात एक भागाने कमी करून २९.९७ करण्यात आला, आणि त्याच्यासोबत ५९.९४ व २३.९७६ हे भाऊबंदही रूढ झाले. ती दूरचित्रवाणी गेली, आकडे राहिले. ५९.९४ चा व्हिडिओ काटेकोर ६० हर्ट्झच्या पडद्यावर चालवला की साधारण दर १६.७ सेकंदांनी एक फ्रेम दोनदा दाखवावी लागते. गचका दिसतो तो हाच, आणि त्यासाठी फोन दुरुस्तीला नेण्याचे काही कारण नाही.

दोष फाइलमध्ये आहे की पडद्यावर, हे आधी ठरवल्याशिवाय कोणत्याही सेटिंगला हात लावू नये, असा माझा आग्रह आहे. परीक्षा सोपी आहे. जिथे गचका बसतो ती जागा लक्षात ठेवावी आणि व्हिडिओ मागे नेऊन तोच तुकडा पुन्हा पाहावा. गचका प्रत्येक वेळी त्याच क्षणी, त्याच हालचालीवर बसत असेल तर तो फाइलमध्ये कोरला गेला आहे. जागा बदलत असेल तर फाइल निर्दोष आहे आणि दोष दाखवण्याच्या प्रक्रियेत आहे. यानंतर तीच फाइल संगणकावर नेऊन मीडियाइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडावी. तिथे फ्रेम रेट स्थिर आहे की बदलता आहे, हे स्पष्ट लिहिलेले असते, आणि बदलता असेल तर बहुधा किमान व कमाल आकडेही दिलेले असतात. एखाद्या फाइलमध्ये किमान २० च्या आसपास आणि कमाल ६० दिसले की अर्धे निदान तिथेच झाले म्हणून समजावे.

फोनचा कॅमेरा हे आकडे बदलतो ते प्रामुख्याने उजेडामुळे. सेकंदाला ६० फ्रेम टिपायच्या तर कोणत्याही एका फ्रेमला सेकंदाच्या साठाव्या भागापेक्षा जास्त वेळ उजेड मिळू शकत नाही. बाहेरच्या उन्हातून चित्रण करत करत आपण खोलीत शिरलो की तेवढा वेळ अपुरा पडतो, आणि चित्र काळवंडू द्यायचे की फ्रेम कमी करायच्या, हा निर्णय फोनला घ्यावा लागतो. पुष्कळ फोन फ्रेम कमी करणे पसंत करतात. आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमधील व्हिडिओ चित्रणाच्या भागात हे आपोआप होणारे बदल बंद करण्याची सोय आहे. अँड्रॉइड फोनमध्ये ती निरनिराळ्या नावांनी येते आणि काहींमध्ये केवळ प्रो मोडमध्ये सापडते. हे बदल बंद केल्यावर अंधारातले चित्र अधिक काळे आणि रवाळ येईल, हे मान्य करूनच ते बंद करावेत. मला विचाराल तर घरातल्या चित्रणासाठी ३० फ्रेम निवडाव्यात, म्हणजे प्रत्येक फ्रेमला दुप्पट वेळ मिळतो आणि फोनला तडजोड करण्याची वेळच क्वचित येते.

बदलत्या फ्रेम रेटची फाइल फोनवर पाहताना बऱ्यापैकी निभावून जाते, कारण प्रत्येक फ्रेमसोबत तिची वेळ नोंदलेली असते. खरा त्रास संपादनात होतो. संपादनाचे काही प्रोग्रॅम फ्रेम समान अंतरावर आहेत असे गृहीत धरतात, आणि मग दहा मिनिटांच्या मुलाखतीत सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळलेले असतात, तर शेवटी आवाज पुढे गेलेला किंवा मागे राहिलेला असतो. संपादनाला बसण्याआधी अशी फाइल हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्रॅममधून स्थिर फ्रेम रेटवर काढून घेणे हा यावरचा सरळ उपाय आहे. पडद्याच्या रेकॉर्डिंगच्या फाइलनाही हेच लागू पडते, कारण पडद्यावर काही हलत नसताना अनेक फोन नवी फ्रेम नोंदवतच नाहीत.

याच्या अगदी उलट परिस्थिती भर उन्हात असते. बहुतेक फोनच्या कॅमेऱ्याचे छिद्र लहानमोठे होत नाही, त्यामुळे जास्त उजेड आला की फोन शटरवेग वाढवत जातो आणि एका फ्रेमला सेकंदाचा हजारावा, कधी दोन हजारावा भाग एवढाच वेळ मिळतो. अशी प्रत्येक फ्रेम सुरीसारखी धारदार येते. धावणाऱ्या मुलाचा पाय एका फ्रेममध्ये इथे आणि पुढच्या फ्रेममध्ये तिथे दिसतो, पण दोहोंना जोडणारी हालचालीची पुसट रेघ कुठेच नसते. फाइल तपासली तर ३० फ्रेम चोख भरतात, एकही गळलेली नसते, आणि तरीही चालणे तुटक वाटते. चित्रपटांच्या छायाचित्रणात शटरचा वेळ फ्रेमच्या वेळेच्या निम्म्याने ठेवण्याचा प्रघात आहे: २४ फ्रेमसाठी सेकंदाचा अठ्ठेचाळिसावा भाग, ३० साठी साठावा. फोनवर उन्हात हे साधायचे असेल तर भिंगावर उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावावा लागतो आणि शटरवेग हाताने बांधता येईल असे कॅमेरा अॅप वापरावे लागते. हा खर्च आणि खटाटोप प्रत्येकाने करावा असे नाही, परंतु ‘फ्रेम पूर्ण आहेत, तरी तुटक का?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा इथे असते.

दिव्यांच्या उजेडात चित्रावरून वरखाली सरकणारे पट्टे हा दोष फ्रेम रेटचा समजला जातो, पण तो विजेच्या वारंवारतेचा आहे. ५० हर्ट्झच्या विजेवरचे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा आणि ६० हर्ट्झच्या विजेवरचे १२० वेळा उजळतात व मंदावतात. शटरचा वेळ या लुकलुकीच्या पूर्ण पटीत असला की पट्टे जातात. म्हणून ५० हर्ट्झच्या प्रदेशात सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग, आणि ६० हर्ट्झच्या प्रदेशात साठावा किंवा एकशेविसावा भाग ठेवावा. फ्रेम रेट बदलण्याची गरज नसते. मात्र मंद करता येणाऱ्या काही एलईडी दिव्यांची लुकलुक वेगळ्याच गतीने होते, आणि तिथे शटरवेग हळूहळू बदलत पट्टे कुठे मावळतात ते डोळ्यांनीच पाहावे लागते.

आता पडद्याची बाजू. ‘१२० हर्ट्झ’ या विक्रीच्या आकड्याआधी ‘जास्तीत जास्त’ हे शब्द मनातल्या मनात लावून घ्यावेत. नव्या एलटीपीओ पडद्यांचा वेग गरजेप्रमाणे १ ते १२० हर्ट्झ इतका बदलू शकतो आणि बॅटरी वाचवण्यासाठी तो सतत बदलत असतो. बॅटरी सेव्हर चालू असला किंवा फोन तापला की अनेक फोन मुकाट्याने ६० वर उतरतात. अँड्रॉइडच्या डेव्हलपर पर्यायांत रिफ्रेश रेट पडद्यावर दाखवण्याची सोय असते. ती चालू करून व्हिडिओ लावला की कोपऱ्यातला आकडा पाहता येतो. पाहताना पडद्याला स्पर्श मात्र करू नये, कारण बोट टेकताच कित्येक फोन वेग चढवतात आणि आपल्याला दिसतो तो आकडा व्हिडिओचा नसून स्पर्शाचा असतो. व्हिडिओ कोणत्या फ्रेम रेटचा आहे हे अॅपने प्रणालीला कळवावे अशी तरतूद अँड्रॉइड ११ पासून, म्हणजे २०२० पासून आहे, परंतु सगळीच अॅप ते कळवत नाहीत. म्हणूनच एकच फाइल गॅलरीत अडखळते आणि व्हीएलसीसारख्या दुसऱ्या प्लेअरमध्ये सरळ चालते, असेही घडते. फोनमध्ये हालचाल गुळगुळीत करणारी, मधल्या फ्रेम स्वतः रचून भरणारी सोय असेल तर तपासणीपुरती ती बंद ठेवावी, नाहीतर कोणताच निष्कर्ष भरवशाचा निघत नाही.

यूट्यूबवर सेकंदाला ६० फ्रेम ७२०पी आणि त्यावरच्या दर्जातच मिळतात. डेटा वाचवण्यासाठी ४८०पी निवडले की तोच व्हिडिओ ३० वर येतो, आणि फोन मंदावला असा समज होतो. ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ हा पर्याय चालू केल्यावर सध्याचा फ्रेम रेट आणि गळलेल्या फ्रेमची संख्या समोर दिसते. ती संख्या सतत वाढत असेल तर फोनची चिप त्या दर्जाचा व्हिडिओ उलगडायला कमी पडते आहे, आणि दर्जा एक पायरी खाली आणणे हाच उपाय उरतो.

पडद्याचीच शंका असेल तर टेस्टयूएफओ या संकेतस्थळावर फ्रेम गळतीची चाचणी आहे. ब्राउझरमध्ये चौकोनांची जाळी उघडते आणि प्रत्येक पाळीला एक चौकोन उजळत पुढे जातो. दुसऱ्या फोनने, शटर सेकंदाचा दहावा भाग ते पाचवा भाग एवढा वेळ उघडे ठेवून, त्या पडद्याचा फोटो काढावा. उजळलेले चौकोन एकमेकांना लागून सलग आले तर पडदा आणि ब्राउझर दोन्ही प्रत्येक पाळी पाळत आहेत; मध्ये काळा चौकोन सुटला असेल तर तेवढी पाळी हुकली.

संपादनाच्या टाइमलाइनचा फ्रेम रेट मात्र पहिली क्लिप टाकण्याआधी ठरवावा, कारण काम बरेच पुढे गेल्यावर तो बदलू न देणारे प्रोग्रॅमही आहेत. ३० आणि ६० च्या क्लिप एकत्र करायच्या असतील तर टाइमलाइन ३० ची ठेवावी. ६० मधली एकाआड एक फ्रेम सुटते आणि चाल समान राहते. २५ आणि ३० एकत्र आले की कोणत्या तरी एकाची चाल बिघडणारच, म्हणून दोन फोनवर चित्रण करायचे असेल तर सुरू करण्याआधी दोन्ही फोनचे आकडे शेजारी ठेवून जुळवून घ्यावेत. संथगती हवी असेल तर १२० फ्रेमची क्लिप ३० च्या टाइमलाइनवर चौपट आणि २४ च्या टाइमलाइनवर पाचपट संथ करावी. या पटींत प्रत्येक फ्रेम एकदाच वापरली जाते आणि प्रोग्रॅमला मधली फ्रेम अंदाजाने रचावी लागत नाही.